आतल्या खोलीची वायर

अमडापूरला कौशल्याबाईंच्या फोनमधली खरखर शोधता शोधता लाइनमन तुळशीरामला दुसरी वायर सापडली. ती कुलूपबंद खोलीच्या दाराखालून आत गेली होती.

“मावशी, आतल्या फोनचा रिसीव्हर कोणीतरी उचलून ठेवला.”

“कोण उचलते बापा? सून मेली तवापासून दोन वर्षं कुलूप हाय. जित्ती होती तवाही दिवसभर माहेरीच फोन लावे. तोडा थे वायर.”

तुळशीरामनं बाहेरचा रिसीव्हर कानाला लावला. खरखर थांबली आणि एक बाई कुजबुजली,

“दादा, तोडू नका. मायले सांगाचं राह्यलं.”

त्याचा हात थबकला. मागं कौशल्याबाई अद्रकाचा चहा घेऊन उभ्या होत्या.

“तोडा न, चहा थंडा होते.”

त्यानं वायर तोडली.

तुटलेलं टोक, आतून कुणी गोळा करावं तसं, हळूहळू दाराखाली सरकू लागलं.