अप्पांचं हँडल

बैठकीतल्या खिडकीचं फिरवायचं हँडल अप्पांनी सात वर्षांपूर्वी स्वतः बसवलं होतं, आणि घरी आलेल्या माणसाला ते दाखवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. "बघा, अजून तसूभर हललेलं नाही! नाहीतर आमची ही. स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा, एवढंही कळत नाही हिला." माई चहाचा ट्रे ठेवून आत जायच्या. मागच्या रविवारी मात्र हे ऐकून नवी सून फिसकन हसली.

या रविवारी व्याही आले. अप्पांनी ऐटीत हँडल धरलं, गर्रकन फिरवलं, आणि ते निखळून त्यांच्या हातात आलं. खिडकी तशीच बंद.

"कुणी हात लावला होता याला?" अप्पा माईंवर कडाडले.

"कुणीच नाही हो," माई व्याह्यांच्या कपात चहा ओतत म्हणाल्या. "सात वर्षं दर शनिवारी सुरीच्या टोकाने मी तो स्क्रू नेमाने घट्ट करत आले. काल मात्र सुरी हातात घेऊन नुसती उभी राहिले. कुठल्या बाजूला पिळायचा, तेच कळेना."