दुसऱ्या भागासाठी सूचना

फोन वाजला तेव्हा दमयंती अंगणात कोकमाची सोलं उलटी करत होती. हात लालभडक. तसेच गाउनला पुसून तिने फोन उचलला, कारण बोटीवरून आलेला फोन एकदा सुटला की पुन्हा कधी लागेल ते दर्यालाच ठाऊक.

"दमू, टाइप करायला बस पटकन," पलीकडून अजिंक्य म्हणाला. ना कशी आहेस, ना आईचा पाय कसा आहे.

"काय झालं?"

"अगं, गेमचा दुसरा भाग काढतायत! काय काय सुधारणा हव्यात ते कंपनीने आम्हा खेळणाऱ्यांना विचारलंय. बोटीच्या नेटवर ते पान उघडतच नाही. मी सांगतो, तू घाल."

तलवारी, ड्रॅगन आणि शापित राज्य असलेला तो गेम दमयंतीला चांगलाच माहीत होता. घरी असला की नवरा त्यातच असायचा, आणि बोटीवर ड्यूटी संपली की केबिनमध्ये लॅपटॉप उघडून पुन्हा त्यातच. दारूपेक्षा गेम परवडला बाई, असं मांडवीतल्या इतर खलाशांच्या बायका तिला सांगत.

कानात इअरफोन खुपसून, फोनवरच ते पान उघडून ती पडवीच्या पायरीवर बसली. मागे खुर्चीत सासूबाई आनंदीबाई, पुढ्यात वॉकर. शिमग्यात पडून खुबा मोडला तेव्हापासून त्यांचं उठणंबसणं दमयंतीच्या हातावर होतं. तिला नवऱ्याला एकच विचारायचं होतं. सावर्ड्याच्या एका शाळेने तिला शिक्षिका म्हणून घेतलं होतं. जूनमध्ये हजर व्हायचं, तिथे खोलीही बघून ठेवलेली. अजिंक्यने शब्द दिला होता, मेअखेर उतरतो, आईजवळ मी राहतो, तू खुशाल जा. तर उतरायची तारीख ठरली का, एवढंच. पण स्वारी घोड्यावर बसली होती.

"लिही. घोडा. उंबऱ्याएवढा दगड आला की अडतो मेला. तो सुधारा. पोतडीत सामान जास्त मावू दे. आणि प्रत्येक गुहेत तोच तो कोळी नको, कंटाळा आला त्याला मारून मारून."

दमयंतीने घातलं.

"नकाशावर टिचकी मारली की गावात पोचतो, ते बंद करा. प्रवास म्हणजे प्रवास वाटला पाहिजे. माणूस वाटेत रखडला पाहिजे, तरच घरी आल्याची मजा."

तेही घातलं. इतके महिने पाण्यावर रखडलेल्या माणसाचं एवढं तरी ऐकायला हवं.

"आता महत्त्वाचं. त्यात आपण लग्न करतो ना, ती बायको." अजिंक्यचा आवाज एकदम हळवा झाला. "बिचारीचे फार हाल केलेत गं. मी लढाया मारून वर्षाने येतो, ती आपली चुलीपाशी त्याच जागी उभी. रागवत नाही, रुसत नाही. काहीही सांगा, तिचं एकच वाक्य, 'सांभाळून राहा.' असं कुठे असतं का? तिला काही कामधंदा द्या म्हणावं. कंटाळली तर कुठे जाता आलं पाहिजे. आणि नवरा फारच उशिरा आला तर दार आतून लावून घेता आलं पाहिजे. भले आमचे पॉइंट जाऊ देत!"

दमयंतीचा अंगठा थांबला. लग्न झाल्यापासून हा माणूस बाईच्या मनातलं इतकं नीट कधी बोलला नव्हता. तिला गलबलून आलं. आता तारखेचं विचारायलाही नको, याला सगळं कळलंय, असं तिला वाटलं.

"वाचून दाखव," तो म्हणाला. तिने वाचलं.

"झकास! आणि हो, अगं, माझ्या जागी यायला रिलिव्हर मिळत नाहीये. कॅप्टन म्हणाला, थांबशील का, मी म्हटलं थांबतो. आता गणपतीनंतरच."

अंगणात सोलांवर कावळा उतरला. तिने हाकलला नाही.

"आणि शाळा?"

"शाळा कुठे पळून जातेय? पुढच्या वर्षी घेतील. आईला एकटं कसं टाकणार, तूच सांग." मग जरा थांबून, "चिडलीस?"

चिडायला हवं होतं. तिने मन चाचपून बघितलं, तर राग नव्हता, रडू नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती.

"सांभाळून राहा," ती म्हणाली.

"ही खरी माझी बायको!" तो खूश होऊन हसला. "आधी ते पाठव हं, आज शेवटचा दिवस आहे." आणि फोन बंद झाला.

दमयंतीने कंपनीला सूचना पाठवल्या. मग त्याच अंगठ्याने सावर्ड्याच्या मुख्याध्यापकांना निरोप पाठवला, यंदा जमणार नाही.

"काय गो, काय म्हणत होता एवढा वेळ?" आनंदीबाईंनी विचारलं.

"बायकोचे फार हाल होतात म्हणत होता."

"अजू म्हणाला असं?" म्हातारीचा विश्वास बसेना.

"गेममधल्या बायकोचे. तिला दार लावून घेता आलं पाहिजे, म्हणाला."

आनंदीबाईंचाही उभा जन्म एका बोटीवाल्याची वाट बघण्यात गेला होता. मग वॉकरवर हात ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "मग, लावते ती?"

दमयंती उठली. कावळ्याला हाकललं आणि राहिलेली सोलं उलटी करायला बसली.

"पुढच्या भागात," ती म्हणाली. "कंपनीने मनावर घेतलं तर."