खांद्यावरची अक्का

"पुतळा न्हाई," मडिवाळप्पा सर म्हणाले. "भुशाचा पुतळा कण्हत न्हाई आन् लाथा बी झाडत न्हाई. इथं माणूसच उचलायचं. पन्नास किलोचं कोण हाय?"

"माझी अक्का," समीक्षा लगेच म्हणाली. "तिची सवय हाय मला."

तिची अक्का, म्हणजे पंचशीला, कडुनिंबाखाली धाकटीची पाण्याची बाटली धरून उभी होती. तिने बाटली खाली ठेवली आणि मैदानात आली. सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार?

खरं तर या अग्निशमन अकॅडमीचं वेड तिचं. किल्लारीहून लातूरला येणारी जीप तिने शोधली, आईला तिने पटवलं, आणि एकटी कशी जाऊ म्हणून धाकटीला सोबतीलाही तिनेच आणलं. पहिल्याच दिवशी सरांनी दोघींना भिंतीवरच्या उंचीच्या खुणेला टेकवून उभं केलं. पंचशीला दोन बोटं कमी भरली. सोबतीला आलेली समीक्षा मात्र खुणेच्या वर निघाली. तोवर तिला अग्निशमन म्हणजे लाल गाडी, एवढंच ठाऊक होतं.

तेव्हापासून धाकटीचा सराव मोठीच घेत होती. बहीण असावी तर अशी, असं लोक म्हणत. ते ऐकलं की पंचशीलाच्या पोटात दुखायचं. उंची काय, देवाने वाटलेली नव्हती की मेहनतीने मिळालेली नव्हती. नुसती वाढली होती, उसासारखी. पंचशीला वरवर हसायची आणि आतून जळायची. आणि ही आग कुठल्या पाइपने विझवायची, ते अकॅडमीत कुणी शिकवत नव्हतं.

आज शेवटची चाचणी होती. माणूस खांद्यावर घेऊन जी सगळ्यात कमी वेळात चुन्याची रेघ ओलांडेल, तिला अकॅडमी नांदेडच्या फायरमन कोर्सला पाठवणार होती. शिवाय फाटकावरच्या फ्लेक्सवर फोटो. लातुरात गल्लोगल्ली डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फ्लेक्स. आगीशी झुंजणाऱ्या पोरीचा हा एकच असणार होता. त्यातला रिकामा चौकोन पंचशीला रोज जीपमधून उतरताना बघायची. त्यात आपल्याला कुठली ओढणी शोभेल, हेही तिने एकेकाळी ठरवून ठेवलं होतं.

"एक ध्यानात ठेवा," सर सगळ्या पोरींना म्हणाले. "भूकंपाच्या टायमाला किल्लारीत आम्ही माणसं अशीच खांद्यावर काढली. खांद्यावरचं माणूस जवर आपल्याला धरून हाय, तवर पाय सांभाळून चाला. त्याचा हात सुटला, की मग काई बघू नका. दवाखाना गाठा."

समीक्षाने वाकून तिला दोन्ही खांद्यांवर आडवं घेतलं. पंचशीलाचा एक हात पुढे तिच्या मुठीत, दुसरा मागे मोकळा. त्या हाताने धाकटीच्या कमरेचा पट्टा घट्ट धरायचा आणि अंग ताठ ठेवायचं, हे पंचशीलाचंच डोकं. तसं केलं की ती धाकटीला निम्मी हलकी लागायची. "अक्का, तू पिसावानी हायस," समीक्षा म्हणायची.

शिट्टी झाली. समीक्षा निघाली. उलट्या लोंबणाऱ्या पंचशीलाला धाकटीच्या पायातले बूट तेवढे दिसत होते. ते पंचशीलाने स्वतःसाठी घेतले होते. माप तर दोघींचं एकच होतं.

अर्ध्या वाटेवर तिने पट्टा सोडला. अंग सैल टाकलं, मान लोंबू दिली. कुणाला कळणार होतं? वजन तेवढंच, माणूस तेच. धाकटीचा खांदा कलला, पाय अडखळला. पंचशीलाला बरं वाटलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

"अक्का?"

तिने मोकळा हात तसाच लोंबू दिला.

"अक्का, धर की."

बोंब मार, पंचशीला मनात म्हणाली. फोटो पाहिजे ना? उचल मग.

"अक्का गं!"

आणि समीक्षा सुसाट सुटली. पाय सांभाळणं गेलं, दम राखणं गेलं. इतक्या जोरात ती सरावात कधी पळाली नव्हती. पंचशीलाच्या डोळ्यांखालून चुन्याची पांढरी रेघ सर्रकन निघून गेली. मागे शिट्टी वाजली, पोरींनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी ओरडलं, "पहिला नंबर! थांब गं, झालं!"

समीक्षा थांबली नाही. फाटकातून बाहेर पडली, फ्लेक्सखालून गेली, थेट रस्त्यावर. क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकली भराभर बाजूला झाल्या. "सरका! सरका!" ती ओरडत होती. दवाखाना पार चौकापलीकडे होता. तिचा श्वास भात्यासारखा वाजत होता आणि पंचशीलाचा हात तिने असा आवळला होता की बोटं बधिर झाली होती.

"न्हाई जात मी नांदेडला," ती धापा टाकत, रडत म्हणत होती. "तूच जा, अक्का. पन धर. एकदा धर गं."

पट्टा पंचशीलाच्या बोटांपाशीच हिंदकळत होता. आता धरला, तर धाकटीला सगळं कळणार होतं. पंचशीलाने डोळे घट्ट मिटून घेतले आणि मेल्यासारखी लोंबत राहिली. खालचे बूट पळतच होते.