आणखी थोडं रक्त

“झालं ते झालं, मॅडम. आता कशाला उकरून काढताय?” फाटकाची कडी न काढताच हिंमतराव म्हणाले.

डॉ. नजमा बागवान उन्हात उभ्या होत्या. रिक्षा त्यांनी सोडली नव्हती. हाकलून दिलं तर स्वारगेटपर्यंत परत जायला काहीतरी हवं. उंड्रीत आता शेतं उरली नव्हती. चहूबाजूंनी टॉवर, मधे हे एकमजली घर आणि दारात एक म्हैस.

“मथुराबाईंना भेटायचंय. आभार मानायला आलेय.”

“आभार?” हिंमतराव हसले. ते हसणं काही बरं नव्हतं. “आमचा पोरगा गेला तुमच्या हॉस्पिटलात. आन तुम्ही आमचे आभार मानताय?”

त्यांचं काही चुकत नव्हतं. पियुष त्यांचा पुतण्या. तीस वर्षांपूर्वी अकरावीत होता. दाढ दुखायची, तर लवंग धरून कॉलेजला जायचा. मग ताप धरला तो उतरेचना. टायफॉइडची औषधं झाली, टीबीची झाली. रक्त तपासायला घ्यावं, तर त्यात जंतू म्हणून उगवायचा नाही. नजमाबाई तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या साध्या लेक्चरर होत्या. तोंडातल्या जंतूंवर पीएचडी चालली होती. दाढेबद्दल ऐकलं आणि त्या वॉर्डात आल्या. आणखी थोडं रक्त हवंय, म्हणाल्या. हिंमतराव अंगावरच धावून आले. “पोरात आता राहिलंय काय? अजून किती शोषून घेणार?”

पोराच्या उशाशी बसलेली त्याची आई, मथुराबाई, तेवढं बोलली, “घेऊ द्या भावजी. त्याच्या न्हाय तर दुसऱ्याच्या कामी येईल.”

पियुष वाचला नाही. घरी त्याचं दिवसकार्य चाललं असताना इकडे प्रयोगशाळेत, नजमाबाईंनी जंतू वाढवायला ठेवलेल्या प्लेटवर, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवले. हाच तो. किडक्या दाढेतून रक्तात उतरलेला आणि हृदयाच्या झडपेवर ठाण मांडून बसलेला. एका ठरावीक जीवनसत्त्वाशिवाय तो वाढत नव्हता, म्हणून कुणाला सापडत नव्हता. त्याच्यावर औषध होतं. आईला हे कळवून जखमेवर मीठ चोळू नका, असं विभागप्रमुख म्हणाले. नजमाबाईंनाही ते पटलं.

पण तो जंतू त्यांनी सोडला नाही. त्याला काय लागतं, तो कुठं दडतो, एरवी तोंडात गुपचूप राहणारा हा रक्तात कसा शिरतो, यातच त्यांची नोकरी सरली. त्याला एका दिवसात ओळखणारी तपासणी त्यांनी बसवली. मानसन्मानही मिळाले. आणि काल येरवड्याची कल्याणी बरी होऊन घरी गेली. नववीतली पोर. तसाच ताप, तशीच झडप. तिचे वडील प्रयोगशाळेत आले आणि नजमाबाईंच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. त्या चटकन मागं सरल्या. हे आभार आपले नाहीत, ज्यांचे त्यांना पोचवायला हवेत, असं त्यांना वाटलं. रात्र कशीबशी काढून त्या आज निघाल्या होत्या.

“कोन हाय, भावजी?” आतून आवाज आला. मथुराबाई ओसरीवर आली. डोळे बारीक करून बघत राहिली. “रक्त न्यायला आलेली बाई ना तुम्ही? केस पिकले की. या, आत या. आवो, कडी काढा ती.”

पाणी झालं. नजमाबाईंनी सगळं सांगितलं. औषध होतं, तेही सांगितलं.

“म्हंजी,” मथुराबाई म्हणाली, “माझ्या लेकराला ज्यानं नेलं, त्यो अजून जित्ता हाय?”

“हो. आम्ही गोठवून ठेवलाय. नवा पेशंट आला की त्याचा जंतू याच्याशी ताडून बघतो. कल्याणीचाही तसाच ओळखला.” नजमाबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “पण तो तुमच्या मुलाच्या रक्तातला आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय इतकी वर्षं ठेवला. तुम्ही नको म्हणालात, तर उद्याच नष्ट करते. या महिन्याअखेर मी रिटायर होतेय. तोवर ते माझ्या हातात आहे.”

“जाळा त्याला,” हिंमतराव दारातून म्हणाले. “आजच जाळा.” बोलताना त्यांचा आवाज फाटला.

मथुराबाईनं दिराकडे पाहिलं. पियुषला खांद्यावर घेऊन गावभर फिरायचा तो हाच. “बसा, भावजी,” ती हळूच म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून नजमाबाईंकडे वळली.

“बरं केलंत आलात. त्याच्या नावानं या दारात इतक्या वर्सांत कोन आलं न्हवतं.” तिनं रिकामा पेला बाजूला सरकवला. “ती पोरगी जेवती का आता?”

“जेवते. काल पोळ्या मागून खाल्ल्या म्हणे.”

मथुराबाईचा चेहरा उजळला. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, पण कुणी उठलं नाही. तिनं नजमाबाईंचा हात आपल्या खरबरीत हातात घेतला. आवाजात काळजी होती, पोटच्या पोराला परगावी धाडताना असते तशी.

“मग बाई, तुमच्या माघारी त्याला कोन जपंल?”