दिसलं तेवढंच

रियाज परत आपल्या हातांकडेच बघतोय, हे डॉक्टर गायधनींनी बरोबर हेरलं. त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"वही इकडे आण म्हणालो ना मी?"

"अजून कच्चं आहे, डॉक्टरसाहेब," रियाज म्हणाला आणि त्यानं वही छातीशी धरली. पंधरा दिवस आपणहून वही पुढे करणारा पोरगा आज ती लपवत होता! डॉक्टरांच्या मनात पाल चुकचुकली.

रियाज नाशिकच्या भद्रकालीतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. दिवसभर दुसऱ्यांचं लिखाण छापायचं आणि मनात मात्र एकच, आपलं कधी छापून येणार? त्याची एका डॉक्टरवरची गोष्ट मुंबईच्या मासिकानं साभार परत केली होती. वर संपादकाचा शेरा होता, 'तुमचा डॉक्टर रोग्यापेक्षा जास्त रडतो. सुधारून पाठवल्यास छत्तीस सालच्या दिवाळी अंकाचा विचार करू.' तेवढ्या आशेवर तो गायधनींच्या दवाखान्यात आला आणि म्हणाला, "डॉक्टर लिहितात तसं लिहायला शिकवा."

डॉक्टरांनाही हौस दांडगी. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि वहीतले 'बिचारा', 'अभागी', 'हाय रे दैवा' पटापट छाटून टाकले. "कीव करायची ती वाचणारा करेल, तू कशाला मधे मधे करतोस? रोज एक माणूस बघ. नाव लिहायचं नाही, रोग कुठला तेही लिहायचं नाही. दिसलं तेवढंच लिही. कुठे, किती, डावं की उजवं." पोरगं हुशार निघालं. आठवडाभरात त्याचं लिखाण असं कोरडं ठणठणीत झालं, की डॉक्टरांनी ते भिमाजी कंपाउंडरला मोठ्यानं वाचून दाखवलं.

भिमाजीनं औषधाच्या बाटलीला बूच लावता लावता हळूच काडी टाकली. "साहेब, ह्याला त्या नव्या डॉक्टरनं तर पाठवलं नाय ना? लय टक लावून बघतो तुमच्याकडं."

झालं! पुढच्या आळीत नवा डॉक्टर आल्यापासून रोगी निम्म्यावर आले होते. त्यात नाशकात आवई उठली होती, की गायधनी डॉक्टर हल्ली दारू घेतात. का, तर म्हणे त्यांच्या हातून बाटल्या निसटतात! डॉक्टरांनी जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता. पण पंचवीस वर्षांचा दवाखाना नुसत्या बोलण्यानं बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रात्रंदिवस तेच भय त्यांना खात होतं. आणि हा पोरगा रोज समोर बसून हातांकडे बघतो आणि काहीबाही टिपून घेतो. डॉक्टरांनी शिकवणं चालू ठेवलं, पण बोलणं मोजून मापून. चहा मात्र पाजत राहिले. चोराला आपण ओळखलंय, हे चोराला कळता कामा नये.

आज मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी उठून वही हिसकावलीच.

"माझ्यावर हेरगिरी करतोस होय रे? कोणी पाठवलं तुला?"

रियाजचा चेहरा खर्रकन उतरला. "अल्लाची शपथ, कोणी नाही! वाचा हवं तर. पण रागावू नका."

डॉक्टर उभ्या उभ्याच वाचू लागले.

'पुरुष. वय सुमारे पन्नास. डाव्या भुवईचा बाहेरचा भाग विरळ. उजव्या हाताची करंगळी व शेजारचे बोट आत वळलेली, सरळ होत नाहीत. त्याच मनगटाच्या मागे फिकट चट्टा, रुपयाएवढा. मंगळवारी चहाचा कढत पेला हातात धरून बराच वेळ बोलत राहिला. पेला खाली ठेवला तेव्हा बोटे भाजून लाल झाली होती. त्याचे त्याला भान नव्हते.'

दारूचं अवाक्षर नव्हतं. डॉक्टरांचा राग कुठल्या कुठे पळाला. कागदावर रोगी दिसला की त्यांना दुसरं काही दिसतच नसे. ते खुर्चीत बसले.

"कोण आहे हा? आत्ताच्या आत्ता घेऊन ये त्याला. अरे, महारोगाची लक्षणं आहेत ही! काय काम करतो हा माणूस?"

रियाज दाराकडे सरकला.

"घाबरू नकोस. मी कुणापाशी बोलत नाही. नाव सांग."

"मला रोग ठाऊक नव्हता, डॉक्टरसाहेब," रियाज रडवेला होऊन म्हणाला. "नवी गोष्ट तुमच्यावर लिहावी असं वाटलं. म्हणून मी तुम्हालाच बघत होतो."

भिमाजीच्या हातातलं काम थांबलं. डॉक्टरांनी उजवा हात टेबलावर ठेवला. पंचवीस वर्षं ते दुसऱ्यांचे हात उलटेपालटे करून बघत आले होते. स्वतःचा हात त्यांनी आज पहिल्यांदा तसा बघितला.

"मला वाटलं, वातच असेल," ते पुटपुटले.

मग त्यांनी ट्रेमधली सुई उचलून रियाजच्या हातात दिली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "एक तपासणी राहिली. मी डोळे मिटतो. तू करंगळीला टोच. टोचलं की मी सांगेन. मग ते लिही."

त्यांनी डोळे मिटले. रियाजनं करंगळीला टोचलं. रक्ताचा थेंब वर आला. त्यानं पुन्हा टोचलं, जरा जोरात.

"अरे, भितोस काय असा?" मिटल्या डोळ्यांनी डॉक्टर खेकसले. "टोच ना!"