आंबोलीला पुढे कोण

लॅपटॉपवर आकडा उमटला आणि इचलकरंजीच्या गॅरेजात हशा पिकला. ताकद वाढवून घेतलेल्या चार गाड्यांत सुलक्षणाने स्वतः बांधलेलं इंजिन सगळ्यांत कमी हवा ओढत होतं. जास्त हवा म्हणजे जास्त जोर, म्हणून जास्त ओढेल ती गाडी आंबोलीला जाताना सगळ्यांच्या पुढे, कमी ओढेल तिने सामान वाहायचं, असं ठरलं होतं.

"वहिनी, डिकी उघडा," दीर म्हणाला. "पिशव्या ठेवतो."

तिने बॉनेट उघडलं. दसऱ्याच्या पूजेला सासूबाईंनी गाडीच्या पुढच्या जाळीला बांधलेला झेंडूचा हार इंजिनाने हवेच्या नळीत प्रसादासारखा ओढून घेतला होता. तो खेचून काढून तिने पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. आकडा चारही गाड्यांत वर गेला आणि सगळ्यांत खाली दिराची गाडी राहिली.

दिराने पिशव्या आपल्या डिकीकडे वळवल्या. सोबत निघालेल्या सासूबाई सुलक्षणाशेजारी ऐसपैस बसल्या.

"बघितलंस? पूजा फळली."

"फळली हो," म्हणत सुलक्षणाने गाडी सगळ्यांच्या पुढे काढली.