दुपारची रेघ

तिसऱ्या दिवशीही रेघ बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी हलली होती. दाजी शिगवणांनी चष्मा पुसून पुन्हा मोबाइलवर पाहिलं. बारा उसळ्या, एकामागोमाग एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा जराशी मोठी. मग वीस मिनिटं सरळ रेघ. मग पुन्हा बारा, या वेळी लहान लहान होत गेलेल्या.

त्यांनी देवरूखला पुतणीला फोन लावला.

मृणाली तिथल्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. पत्त्यांच्या कॅटाएवढा स्वस्तातला कॉम्प्युटर आणि जमिनीची थरथर टिपणारा सेन्सर तिने एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला होता. महिन्यापूर्वी तो डबा तिने अलोऱ्याला काकांच्या पडवीत, खाटेच्या उशाशी कोब्यावर ठेवला. या भागातले बारीक धक्के तो पकडतो का आणि कोकणातल्या दमट हवेत, सारख्या जाणाऱ्या विजेत टिकतो किती, हे तिला बघायचं होतं. दाजींची सगळी नोकरी पोफळीला वीजघरात मीटर वाचण्यात गेलेली. आकड्यांवर त्यांच्याइतकी नजर ठेवणारा माणूस तिला दुसरा मिळाला नसता.

"काका, धक्का असा मोजून येत नाही," मृणाली म्हणाली. "ही पावलं आहेत."

दाजींनी तिला सांगितलं की त्या वेळी घरात चालणारं कुणीच नसतं. जेवण झालं की ते पडवीतल्या खाटेवर आडवे होतात, तेही दाराला आतून कडी घालून. माजघरात त्यांची बायको तुळसा. ती तीन वर्षांपूर्वी विहिरीच्या पायरीवरून पडली आणि तिचं कमरेखालचं अंग गेलं. तिला उठवून बसवणं, न्हाऊ घालणं, पायांना तेल चोळणं, सगळं दाजीच करत. चिपळूणच्या डॉक्टरांनी मागे तिचे पाय बघून त्यांची पाठ थोपटली होती. इतक्या वर्षांत पाय वाळले कसे नाहीत, याचं त्यांनाच नवल वाटलं होतं.

मग डब्यातच खोट असणार, असं मृणालीने ठरवलं. हे बोर्ड स्वस्त असतात, वीज जरा कमी पडली की वेडंवाकडं लिहितात, असं म्हणून तिने चांगला अडॅप्टर पाठवला. पावलं आली. रविवारी ती स्वतः आली, मेमरी कार्ड बदललं, डब्यात ओल धरू नये म्हणून पुड्या टाकल्या. सोमवारी पावलं आली. पंख्याची थरथर असेल म्हणून दाजी दोन दिवस पंखा बंद करून घामाने भिजत झोपले. तरी बारा पावलं आलीच.

मग दाजी दोन दुपारी जागे राहिले, खुर्चीत बसून. दोन्ही दिवस रेघ सरळ.

मृणालीने हसून त्यांच्या घोरण्यावर ठपका ठेवला. दाजींना हसू आलं नाही. त्यांची आई याच पडवीत गेली, त्याला वर्ष झालं होतं. दुपारी सगळे निजले की ती हळूहळू येऊन दाराची कडी बघून जायची. हे त्यांनी पुतणीला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी त्यांनी गुपचूप केळीच्या पानावर भात वाढून मागच्या दारी ठेवला. कावळा शिवला. दुपारी पावलं आली.

दुपारचं काही ऐकू येतं का, असं त्यांनी तुळसाला आडून विचारलं.

"सासूबाईंची आठवण येत असेल तुम्हाला," ती म्हणाली. "दमता तुम्ही. दुपारची झोप नका हो चुकवू."

डब्याला कॅमेरा जोडायचं मृणालीने सुचवलं, तेव्हा तुळसाने नको म्हटलं. अंग पुसायचं, लुगडं बदलायचं, त्या घरात कॅमेरा कशाला? दाजींना ते पटलं. त्यांना भीती स्वतःची नव्हती. जे काही पडवीत येत होतं ते उद्या माजघराकडे वळलं, तर तुळसाला उठून पळताही येणार नव्हतं.

शुक्रवारी मृणालीचा दुपारचा तास रिकामा होता. ती देवरूखला मोबाइलवर रेघ बघत बसली. दाजी इकडे खाटेवर आडवे झाले. भिंतीकडच्या कानात त्यांनी इअरफोन घातला, वर पंचा ओढला, डोळे मिटले आणि खोटं खोटं घोरायला लागले. डोळे काही झालं तरी मिटलेले ठेवा, असं तिने बजावलं होतं.

बाहेर कोंबड्या कुरकुरत होत्या. बराच वेळ काही झालं नाही.

"काका, सुरू झाली," मृणालीचा आवाज कानात आला. "एक. दोन."

दाजींना मोकळ्या कानाने पावलांचं काहीच ऐकू येत नव्हतं. ते घोरत राहिले.

"सात. आठ. मोठी होतायत. काका, हा डबा बिघडलेला नाही."

त्यांच्या पाठीला घाम सुटला.

"बारा. थांबली." ती कुजबुजली. "तुमच्या उशाशी."

पंख्याच्या वाऱ्याआड कुणीतरी आल्यासारखं वाटलं. मग नाकाखाली काहीतरी उबदार आलं, आणि तिथेच राहिलं. घोरणं दाजींच्या घशात अडकलं. त्यांनी डोळे उघडले.

तुळसा खाटेशी उभी होती. श्वास बघायला धरलेली दोन बोटं तिने मागे घेतली नाहीत.

"आहात अजून," ती म्हणाली.